ध्रुवीय ओझोन आणि संशोधन विमाने

ध्रुवीय प्रदेशांवरचा ओझोन चार प्रकारे मोजला जातो : जमिनीवरच्या वर्णपटमापकांनी, फुग्याला बांधून सोडलेल्या ओझोनसोंडांनी, उपग्रहांनी आणि संशोधन विमानांनी. पहिल्या तीन साधनांमुळे ओझोन किती घटला ते समजले. तो का घटला, याचा निकाल मुख्यतः विमानांनी लावला. ओझोनचा नाश करणारे रेणू हवेत अब्जावधी रेणूंमागे एखाद-दुसरा इतके विरळ असतात. उपकरणाच्या नळीच्या भिंतीला टेकले की ते नाहीसे होतात आणि ऊन कमी-जास्त झाले की त्यांचे प्रमाणही बदलते. म्हणून ते आणि ओझोन एकाच जागी, एकाच क्षणी मोजावे लागतात. ही जागा म्हणजे ध्रुवावरचे साधारण १४ ते २२ किलोमीटर उंचीचे स्थितांबर, जिथे हिवाळ्यात तापमान उणे ८० अंश सेल्सिअसच्याही खाली जाते. प्रवासी विमानांची धाव साधारण १२ किलोमीटरपर्यंत. त्याहून वर तासन्‌तास उडू शकणारी विमाने जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत, आणि त्यातली सर्वांत उपयोगी पडलेली दोन मुळात लष्करी गरजेतून जन्मली.

ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हेचे जोसेफ फारमन, ब्रायन गार्डिनर आणि जोनाथन शँक्लिन यांनी मे १९८५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात हॅली तळावरच्या नोंदी प्रसिद्ध केल्या, तेव्हा हा प्रश्न उभा राहिला. १९६०च्या दशकात ऑक्टोबर महिन्यात तेथे सुमारे ३०० डॉबसन एकके ओझोन असे. १९८४ पर्यंत तो २००च्या खाली आला होता. डोक्यावरच्या साऱ्या हवेतला ओझोन वेगळा काढून शून्य अंश तापमानाला आणि समुद्रसपाटीच्या दाबाला पसरला, तर ३०० एककांचा थर जेमतेम ३ मिलिमीटर जाडीचा भरतो. निंबस-७ या उपग्रहानेही ही घट टिपली होती, पण इतके कमी आकडे संशयास्पद म्हणून बाजूला काढले गेले होते. ते पुन्हा तपासल्यावर घट एका तळापुरती नसून साऱ्या अंटार्क्टिक खंडावर पसरलेली असल्याचे दिसले. यालाच ओझोन छिद्र म्हणतात.

कारणाबद्दल तीन मते पुढे आली. पहिले मत असे की हा केवळ हवेच्या हालचालींचा परिणाम आहे. वसंतात सूर्य परत आल्यावर खालच्या थरांतली, ओझोन कमी असलेली हवा वर सरकते आणि वरच्या ओझोनला बाजूला ढकलते. ओझोन नष्ट होत नाही, नुसता हलतो. दुसऱ्या मताने दोष सूर्याला दिला. १९८०च्या सुमारास सूर्याची सक्रियता शिगेला होती. तेव्हा उच्च वातावरणात बनलेली नायट्रोजनची ऑक्साइडे खाली उतरून ओझोन संपवत असावीत. तिसरे मत क्लोरीनचे. मारियो मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी १९७४ मध्येच क्लोरोफ्लुओरोकार्बनांपासून ओझोनला धोका असल्याचे सांगितले होते, पण त्यांच्या हिशेबात घट संथ होती आणि ती बरीच वर, ४० किलोमीटरच्या आसपास व्हायला हवी होती. अंटार्क्टिकावरची घट खाली आणि झपाट्याने होत होती. सुझन सोलोमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये हा दुवा सांधला : ध्रुवीय हिवाळ्यात स्थितांबरात जे विरळ ढग बनतात, त्यांच्या कणांवर क्लोरीनची निरुपद्रवी संयुगे फुटतात आणि मोकळा क्लोरीन उन्हाची वाट पाहत थांबतो.

या तीन मतांची सोय अशी होती की तिघांची भाकिते एकमेकांच्या विरुद्ध जात होती. हवा खालून वर येत असेल, तर तिच्यात नायट्रस ऑक्साइड जास्त सापडायला हवा, कारण तो जमिनीवर तयार होतो आणि वर जाताना कमी होत जातो. सूर्य कारणीभूत असेल, तर नायट्रोजनची ऑक्साइडे वाढलेली दिसायला हवीत. क्लोरीन गुन्हेगार असेल, तर ती ऑक्साइडे उलट कमी झालेली आणि क्लोरीन मोनॉक्साइड भरमसाट वाढलेला आढळला पाहिजे. अंटार्क्टिकावरच्या मॅकमर्डो तळावर १९८६ मध्ये सोलोमन यांच्या नेतृत्वाखाली गेलेल्या पथकाने जमिनीवरून घेतलेले वेध क्लोरीनच्या बाजूने झुकत होते. पण जमिनीवरून वर पाहणारे उपकरण अख्ख्या स्तंभाची बेरीज देते. ढगाच्या पातळीवर नेमके काय चालले आहे, हे प्रत्यक्ष तेथे गेल्याखेरीज कळणार नव्हते.

त्यासाठी नासाने ऑगस्ट आणि सप्टेंबर १९८७ मध्ये चिलीच्या दक्षिण टोकाला पुंता अरेनास येथे मोहीम उभारली. विमाने दोन होती. डीसी-८ हे चार इंजिनांचे जुने प्रवासी विमान. त्यात शास्त्रज्ञ आपापल्या उपकरणांशेजारी बसून दहा-दहा तास काम करत. त्याची उंची साधारण १२ किलोमीटरच्या आसपासच, पण त्याच्या छतातून वर सोडलेला लेसर स्थितांबरातल्या ओझोनची आणि ढगांची उभी आखणी काढी. दुसरे विमान ईआर-२. हे यू-२ या प्रसिद्ध हेरविमानाचे भावंड : एक इंजिन, एक वैमानिक, सुमारे ३१ मीटर लांबीचे सडपातळ पंख आणि २१ किलोमीटरपर्यंतची झेप. या मोहिमेतला खरा साक्षीदार तेच होते.

ईआर-२ चे उड्डाण पाहण्यासारखे असते. वैमानिक अंतराळवीरासारखा दाबपोशाख घालतो आणि निघण्याआधी सुमारे तासभर शुद्ध ऑक्सिजन घेतो, म्हणजे रक्तात विरघळलेला नायट्रोजन निघून जातो आणि वरच्या विरळ हवेत त्याचे बुडबुडे होत नाहीत. जेवण म्हणजे टूथपेस्टसारख्या ट्यूबमधला लगदा. तो शिरस्त्राणातल्या छिद्रातून नळीने घ्यायचा. विमानाची मुख्य चाके सायकलसारखी एकामागे एक असतात. पंखांखाली आधाराला लावलेली चाके उड्डाणाच्या वेळी धावपट्टीवरच गळून पडतात, म्हणून उतरताना तोल सांभाळणे वैमानिकाच्या हातचे. त्याला खालचे नीट दिसत नाही, तेव्हा दुसरा वैमानिक मोटारीतून विमानामागे सुसाट धावतो आणि चाके जमिनीपासून किती फुटांवर आहेत ते रेडिओवरून सांगत राहतो. पुंता अरेनासचे वारे कुप्रसिद्ध. त्यात हे लांब पंख आणि दक्षिणेला हजारो किलोमीटर बर्फ व समुद्र. इंजिन बंद पडले असते, तर वैमानिकाला वाचवणे जवळपास अशक्य होते. त्या एका माणसाच्या भरवशावर पंखांखाली आणि नाकाडात मिळून सुमारे एक टन उपकरणे आपोआप चालत.

त्यातले ओझोनचे उपकरण तसे साधे. पाऱ्याच्या दिव्यातून निघणारा २५४ नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील प्रकाश ओझोन शोषतो. एका नळीत बाहेरची हवा, दुसरीत तीच हवा ओझोन काढून टाकलेली. दोन्हींतून पार झालेल्या प्रकाशातला फरक म्हणजे ओझोन. विमानाचा वेग सेकंदाला २०० मीटरच्या घरात असल्याने दर सेकंदाचा आकडा म्हणजे दर २०० मीटरचा आकडा. उपग्रहाला असे बारीक तपशील दिसत नाहीत.

क्लोरीन मोनॉक्साइडचे उपकरण मात्र कसबाचे होते. हार्वर्ड विद्यापीठाचे जेम्स अँडरसन आणि त्यांच्या चमूने ते तयार केले. भिंतीला टेकले की हा रेणू नष्ट होतो, म्हणून पंखाखालच्या पेटीत एकात एक अशा दोन वाहिन्या केल्या होत्या. बाहेरची वाहिनी येणाऱ्या हवेचा वेग कमी करी, आणि तिच्या मधोमध असलेली अरुंद वाहिनी प्रवाहाचा फक्त गाभा, म्हणजे कुठेही न टेकलेली हवा, उचलून घेई. त्यात नायट्रिक ऑक्साइड सोडला की क्लोरीन मोनॉक्साइडमधला ऑक्सिजन निघून जाई आणि मोकळा क्लोरीन अणू उरे. त्यावर सुमारे ११९ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश पडला की तो चमके. ती चमक मोजायची, नायट्रिक ऑक्साइड बंद करायचा, पुन्हा मोजायची. दोन्हींतला फरक हे उत्तर.

२३ ऑगस्टच्या उड्डाणात ईआर-२ ध्रुवीय भोवऱ्यात शिरले. हिवाळ्यात ध्रुवाभोवती वेगाने फिरणाऱ्या वाऱ्यांचे कडे आतली हवा बाहेरच्या हवेपासून तोडते, त्याला हे नाव आहे. आत क्लोरीन मोनॉक्साइड एकदम चढला, पण ओझोन अजून जवळजवळ जसाच्या तसा होता. सूर्य नुकता परत येत होता. १६ सप्टेंबरच्या उड्डाणातले चित्र निराळे निघाले. १८ किलोमीटर उंचीवर भोवऱ्याची कड ओलांडताना क्लोरीन मोनॉक्साइड बाहेरच्या शंभर पटींहून अधिक झाला, अब्जात एका भागापर्यंत. आणि त्याच ठिकाणी ओझोन दशलक्षात अडीच भागांवरून एका भागाच्या आसपास कोसळला. दोन्हींच्या रेषा एकाच कागदावर काढल्या तेव्हा आरशात पाहावे तशा एकमेकींच्या उलट दिसल्या. एक जिथे वर उचकली, तिथे दुसरी खाली दबली. कडेजवळचे लहान-लहान चढउतारसुद्धा जुळले.

वातावरणविज्ञानात इतका बोलका आलेख क्वचितच निघाला असेल. तरी दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणजे एकीमुळे दुसरी झाली असे होत नाही, आणि टीकाकारांनी ते बोलून दाखवलेही. म्हणून २३ ऑगस्टचे उड्डाण १६ सप्टेंबरइतकेच महत्त्वाचे. क्लोरीन आधी वाढला, ओझोन नंतर घटला; कारण आणि कार्य यांचा क्रम त्या दोन तारखांत बंदिस्त झाला आहे. इतर उपकरणांनी उरलेल्या दोन मतांना निरोप दिला. भोवऱ्यात नायट्रस ऑक्साइड कमी होता, म्हणजे हवा वर येत नव्हती, खाली बसत होती. नायट्रोजनची क्रियाशील ऑक्साइडेही कमी होती, त्यामुळे सूर्यही निर्दोष सुटला. नायट्रिक आम्ल आणि पाण्याची वाफ दोन्ही घटलेली होती. ढगांच्या कणांत गोठून ती खाली पडली होती.

त्यातून साखळी पूर्ण झाली. हायड्रोजन क्लोराइड आणि क्लोरीन नायट्रेट या दोन साठवणीच्या संयुगांची ढगांच्या कणांवर क्रिया होऊन क्लोरीन वायू सुटतो. ऊन पडताच तो फुटतो आणि ओझोनचा एक ऑक्सिजन घेऊन क्लोरीन मोनॉक्साइड बनतो. असे दोन रेणू एकत्र येऊन जोडरेणू तयार होतो, उन्हात तो फुटतो, दोन्ही क्लोरीन मोकळे होऊन पुन्हा ओझोनच्या मागे लागतात. लुईसा आणि मारियो मोलिना यांनी हे चक्र १९८७ मध्ये प्रयोगशाळेत मांडले होते. विमानात मोजलेले क्लोरीन मोनॉक्साइडचे प्रमाण या चक्रात घातले आणि त्यात ओझोन नष्ट करणाऱ्या ब्रोमीनचा वाटा मिळवला, की मोहिमेच्या काळातली ओझोनची घट जवळपास जुळत होती.

योगायोग असा की त्याच १६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रियल येथे ओझोनरक्षणाच्या करारावर सह्या होत होत्या. विमानाच्या निकालावर करार झाला, असे कधीकधी लिहिले जाते. ते चूक आहे. सह्या करणाऱ्यांपुढे तो आलेख नव्हता, आणि कारण ठरलेले नसल्याने वाटाघाटींत ओझोन छिद्राचा मुद्दा बाजूलाच ठेवला होता. मूळ करार क्लोरोफ्लुओरोकार्बन निम्म्यावर आणण्यापुरता होता. ते पूर्ण बंद करण्याचा लंडनमधील १९९०चा आणि मुदत अलीकडे आणणारा कोपनहेगनमधील १९९२चा निर्णय झाला, तेव्हा विमानांचा पुरावा टेबलावर होता.

पुढचा प्रश्न उत्तर ध्रुवाचा होता, आणि तिकडे माणसे राहतात. जानेवारी-फेब्रुवारी १९८९ मध्ये तीच दोन विमाने नॉर्वेतल्या स्टाव्हांगर येथून उडाली. आर्क्टिकच्या भोवऱ्यातही क्लोरीन मोनॉक्साइड अंटार्क्टिकाइतकाच चढलेला सापडला. तरी ओझोनची हानी मर्यादित राहिली, कारण उत्तर गोलार्धातले डोंगर आणि जमीन-समुद्राची सरमिसळ यांमुळे उठणाऱ्या लाटा तिथला भोवरा लवकर विस्कटतात, हवा तापते आणि ऊन जोरावर येण्याआधी ढग विरतात.

जानेवारी १९९२ मध्ये अमेरिकेतल्या मेन राज्यातील बँगोर येथून निघालेल्या ईआर-२ ला क्लोरीन मोनॉक्साइड अब्जात दीड भाग मिळाला. तोपर्यंतचा हा सर्वांत मोठा आकडा. नासाने ३ फेब्रुवारीला पत्रकार परिषद घेऊन आर्क्टिकवरही छिद्र पडू शकते असा इशारा दिला. त्याच महिन्यात अमेरिकेने क्लोरोफ्लुओरोकार्बनांचे उत्पादन १९९५ अखेर थांबवण्याचे जाहीर केले. पण जानेवारीच्या अखेरीपासूनच हवा तापत गेली आणि छिद्र पडले नाही. शास्त्रज्ञांनी घाबरवून सोडले, अशी टीका मग झाली. मोजमाप बरोबर होते; चुकले ते एवढेच की थंडी किती दिवस टिकेल यावर सारे अवलंबून आहे, ही अट मथळ्यांपर्यंत पोहोचली नाही.

आर्क्टिकमध्ये दुसरी अडचण आहे. तिथला ओझोन वाऱ्याने येतो-जातो, त्यामुळे रसायनाने किती गेला आणि वाऱ्याने किती हलला, हे वेगळे करावे लागते. त्यासाठी विमानांनी एक चोख युक्ती दिली. नायट्रस ऑक्साइड स्थितांबराच्या या भागात महिनोन्‌महिने टिकतो. हवेचा एखादा पुंजका कुठून आला हे त्याच्या प्रमाणावरून कळते, आणि हिवाळ्याच्या सुरुवातीला त्याच्या प्रत्येक पातळीशी ओझोनची ठरावीक पातळी जोडलेली असते. महिन्यांनंतर तीच जोडी पुन्हा मोजायची. नायट्रस ऑक्साइड तेवढाच आणि ओझोन कमी, तर तो रसायनाने गेला.

ही युक्ती सर्वांत ताकदीने वापरली गेली ती १९९९-२००० च्या हिवाळ्यात, स्वीडनमधील किरुना येथील अमेरिकी-युरोपीय मोहिमेत. १८ किलोमीटरच्या आसपास ६० टक्क्यांहून अधिक ओझोन गेल्याचे दिसले. पण त्या मोहिमेची खरी कमाई अनपेक्षित होती. नायट्रोजन संयुगे मोजणाऱ्या उपकरणाच्या आलेखावर अधूनमधून एकेकटे, टोकदार काटे उठत होते. पाहणाऱ्याला उपकरणाचा दोष वाटावा असे. प्रत्यक्षात प्रत्येक काटा म्हणजे नळीत शिरलेला नायट्रिक आम्लाच्या हायड्रेटचा एकेक कण होता. त्यांचा व्यास १० ते २० मायक्रोमीटर, म्हणजे ठाऊक असलेल्या ढगकणांपेक्षा कितीतरी मोठा. शास्त्रज्ञांनी त्यांना ‘खडक’ म्हणायला सुरुवात केली. दहा लिटर हवेत असा जेमतेम एक कण, पण वजनामुळे तो दिवसाला किलोमीटरभर खाली घसरतो आणि नायट्रोजन सोबत नेतो. हा नायट्रोजन वर राहिला असता, तर त्याने क्लोरीनला पुन्हा बांधून ठेवले असते. तो गेला की क्लोरीन अधिक दिवस मोकाट राहतो. आर्क्टिकमध्ये नायट्रोजन कसा गळतो, या कोड्याची किल्ली अशी हाती आली.

युरोपने तोवर स्वतःचे उंच विमान मिळवले होते. एम-५५ जिओफिजिका हे रशियन बनावटीचे, दोन इंजिनांचे विमान; त्याचे पूर्वज सोव्हिएत काळात वर तरंगणारे हेरगिरीचे फुगे पाडण्यासाठी आखलेले. शीतयुद्धात समोरासमोर उभ्या असलेल्या दोन बाजूंची ईआर-२ आणि जिओफिजिका ही विमाने मग एकाच वायूच्या मागे लागली. जिओफिजिकाने १९९९ मध्ये अर्जेंटिनातल्या उशुआइया येथून अंटार्क्टिक भोवऱ्याकडे आणि पुढे किरुनाहून आर्क्टिककडे उड्डाणे केली. त्यातली २०१० ची मोहीम विशेष महत्त्वाची. २००७ मध्ये प्रयोगशाळेतल्या एका मोजणीने असे सुचवले होते की जोडरेणू उन्हात समजला होता त्याच्या कितीतरी कमी वेगाने फुटतो. ते खरे ठरते, तर ओझोन छिद्राचा अर्ध्याहून अधिक हिशेब कोसळला असता. नव्या प्रयोगांनी आणि २०१० च्या उड्डाणांतल्या नोंदींनी जुनाच हिशेब उचलून धरला. एखादे शास्त्र आपल्याच पायाबद्दल शंका घेते आणि तीन वर्षांत तिचा निकाल लावते, याचे हे चांगले उदाहरण.

जर्मनीचे हालो हे विमान १५ किलोमीटरपर्यंतच जाते, पण लांब पल्ल्याचे आहे. २०१५-१६ च्या थंड आर्क्टिक हिवाळ्यात ते किरुनाहून आणि २०१९ मध्ये अर्जेंटिनातल्या रिओ ग्रान्दे येथून उडाले. वरून गळालेले नायट्रिक आम्ल खाली ११ ते १३ किलोमीटरवर येऊन पुन्हा वायुरूप होते, ते किरुनाच्या उड्डाणांत तपशिलात टिपले गेले.

जमिनीलगतचा ओझोन हा निराळा विषय. आर्क्टिक वसंतात समुद्रबर्फावरच्या हवेतून ओझोन काही तासांत जवळपास शून्यावर येतो. तिथे गुन्हेगार समुद्री मिठातून सुटणारा ब्रोमीन असतो. २००० मध्ये सी-१३० विमानाने फेब्रुवारी ते मे असे आर्क्टिकचे फेरे मारून हा रिकामा थर बर्फालगत कसा पसरतो ते पाहिले.

विमानांच्या मर्यादा उघड आहेत. एक उड्डाण म्हणजे भोवऱ्यातून मारलेली एक रेघ; मोहीम संपली की नोंद संपली. अंटार्क्टिक भोवऱ्याच्या पोटात १९८७ सारखे खोलवर, उंचावरून फेरे त्यानंतर फारसे झालेले नाहीत. २०११ आणि २०२० मध्ये आर्क्टिकवर विक्रमी घट झाली, तिची कहाणी मुख्यतः उपग्रह आणि ओझोनसोंडांनी सांगितली. सातत्य हे त्या साधनांचे बळ. भारताचा वाटाही तिथेच आहे : हवामान खात्याने अ‍ॅना मणी यांच्या पुढाकाराने घडवलेला भारतीय ओझोनसोंड पुण्याहून आकाशात जातो, तसा अंटार्क्टिकावरच्या मैत्री तळावरूनही सोडला गेला आहे.

जागतिक हवामान संघटना आणि संयुक्त राष्ट्र पर्यावरण कार्यक्रम यांच्या २०२२ च्या आढाव्यानुसार सध्याची धोरणे टिकली, तर ओझोन १९८० च्या पातळीवर आर्क्टिकमध्ये २०४५ च्या आणि अंटार्क्टिकावर २०६६ च्या सुमारास परतेल. या वाटेवर क्लोरीन कमी होत जाईल, पण ढग आणि कण बदलत राहतील. फेब्रुवारी-मार्च २०२३ मध्ये डब्ल्यूबी-५७ विमानाने अलास्कातून केलेल्या उड्डाणांत ध्रुवीय स्थितांबरातल्या गंधकाम्लाच्या सुमारे १० टक्के कणांत अॅल्युमिनियम आणि इतर धातू सापडले. हे धातू वातावरणात परत येताना जळालेल्या उपग्रहांचे आणि अग्निबाणांच्या टप्प्यांचे. त्यांचा ध्रुवीय ढगांवर परिणाम होतो का, हे पुन्हा तिथे जाऊनच पाहावे लागेल. २००४ पासून स्थितांबरातल्या क्लोरीन मोनॉक्साइडची रोज नोंद देणाऱ्या ऑरा उपग्रहाचे आयुष्य संपत आले आहे. पुंता अरेनासच्या मोहिमेतले डीसी-८ मे २०२४ मध्ये निवृत्त होऊन आयडाहो राज्यातील पोकाटेलो येथे उतरले. तिथल्या विद्यापीठात ते आता विमानदुरुस्ती शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या उपयोगासाठी ठेवले आहे.